इतिहासाच्या खांद्यावरची बंदूक

समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात अस्तित्ववादाचा विषय निघाला की दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. चळवळीत मुरलेला जुना कार्यकर्ता हसून म्हणतो, ‘पोट भरलेल्या मध्यमवर्गीयाचे हे दुखणे आहे, कामगाराला असला एकाकीपणा परवडत नाही.’ नुकताच महाविद्यालयातून बाहेर पडलेला तरुण नेमके उलट बोलतो. माणूस मुळातच एकाकी, जग अर्थशून्य, संघटना म्हणजे व्यक्तीला चिरडणारा वरवंटा. तेव्हा मोर्चे, सभासदनोंदणी आणि ठराव हा सारा खटाटोप व्यर्थ होय, असा निष्कर्ष काढून तो मोकळा झालेला असतो. पहिला हा विचार न वाचताच फेकून देतो. दुसरा तो अर्धवट वाचून आपल्या निष्क्रियतेवर पांघरतो. दोघांचे भांडण कितीही कडाक्याचे असले तरी एका बाबतीत त्यांचे एकमत असते. व्यक्तीचे ‘मी’पण आणि समाजवादी चळवळ यांचा परस्परांशी काही संबंध नाही, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. भांडणापेक्षा हे एकमतच चळवळीला अधिक घातक आहे. म्हणून त्याचा समाचार घेणे अगत्याचे ठरते.

ज्याँ-पॉल सार्त्र यांनी अस्तित्ववादाची बाजू मांडणारे आपले गाजलेले व्याख्यान २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमध्ये दिले. ते कोणत्या शहरात दिले गेले, हे टीकाकार सोयीस्करपणे विसरतात. नाझी फौजांच्या चार वर्षांच्या अंमलातून ते शहर ऑगस्ट १९४४ मध्ये मुक्त झाले होते. त्या चार वर्षांत ज्यूंची नोंदपत्रके फ्रेंच पोलिसांनीच तयार केली, जुलै १९४२ मध्ये हजारो ज्यूंची धरपकडही त्यांनीच केली, आणि छळछावण्यांकडे जाणाऱ्या गाड्या फ्रेंच रुळांवरूनच धावल्या. यांतील बहुतेकांपाशी एकच उत्तर होते : हुकूम वरून आला, आमच्या हाती काही नव्हते. त्याच गावात, त्याच पगारावर काम करणारे दुसरे काही लोक मात्र गुप्त पत्रके छापत होते आणि पकडले गेल्यावर छळ सोसून मरत होते. परिस्थिती एक, वर्ग एक, भीतीही एकच; मग कृतीत हा फरक कोठून आला? अस्तित्ववादाचा प्रश्न या मातीतून उगवलेला आहे. त्याला उपाहारगृहातील टेबलावरची करमणूक म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी चुकता करावा.

सार्त्र यांचे म्हणणे थोडक्यात असे. कारागीर सुरी घडवतो तेव्हा ती कशासाठी हवी हे त्याला आधीच ठाऊक असते. माणसाच्या बाबतीत असा आराखडा आधी कोणी काढून ठेवलेला नसतो. तो प्रथम अस्तित्वात येतो आणि मग आपल्या कृतींनी स्वतःला घडवतो. त्याची निवड त्याच्या वतीने दुसरे कोणी करू शकत नाही. निवड टाळणे हीदेखील एक निवडच असते. ‘माझा स्वभावच असा’, ‘काळच असा’, ‘वरून तसे आले’ असे म्हणून जो सुटू पाहतो, तो जगाच्या आधी स्वतःला फसवीत असतो. या आत्मवंचनेचे जे विश्लेषण सार्त्र यांनी केले, ते त्यांच्या तत्त्वज्ञानातील सर्वांत टिकाऊ भाग होय.

डाव्या टीकाकारांनी यावर जो हल्ला चढवला तो सगळाच चुकीचा होता, असे मात्र नाही. व्याख्यानानंतरच्या चर्चेत पिएर नाव्हील या मार्क्सवाद्याने सार्त्र यांना धारेवर धरले. १९४८ मध्ये ग्यॉर्ग लुकाच यांचा अस्तित्ववादावर टीका करणारा ग्रंथ पॅरिसमध्येच प्रसिद्ध झाला. या टीकेतील सारांश अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चांगला उमजतो. भांडवलशाही अर्थशास्त्रही ‘निवडस्वातंत्र्य’ हाच शब्द वापरते. कामगार आपले श्रम कोणाला विकायचे ते स्वतंत्रपणे ठरवतो, असे हे शास्त्र सांगते. पण न विकल्यास उपाशी मरण्याचे स्वातंत्र्यही त्या करारात गृहीत असते, ही गोष्ट ते हळूच गाळते. दुष्काळी तालुक्यातील भूमिहीन मजूर मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातो, तेव्हा त्याने ‘स्वतःला निवडले’ असे म्हणणे ही क्रूर थट्टा होईल. पर्याय ज्याच्या पुढे नाहीत त्याला निवडीचे तत्त्वज्ञान सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. १९४५ चे सार्त्र या बाबतीत तोकडे पडत होते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

परंतु सार्त्र तेथेच थांबले नाहीत, आणि त्यांच्या टीकाकारांनी पुढचे वाचलेच नाही. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या द्वंद्वात्मक बुद्धीच्या मीमांसेवरील ग्रंथात त्यांनी माणसाच्या स्वातंत्र्याला टंचाईच्या चौकटीत आणून बसवले. सर्वांना पुरेल इतके जगात नाही. म्हणून प्रत्येक माणूस दुसऱ्याला ‘नको असलेला एक’ वाटू लागतो. याचे त्यांनी दिलेले उदाहरण साधे आहे. पॅरिसमधील एका चौकात सकाळी माणसे बसची वाट पाहत उभी असतात. सर्वांची गरज एक, गाडी एक. पण जागा मर्यादित. त्यामुळे शेजारचा माणूस सोबती न राहता केवळ आपल्या आधीचा किंवा आपल्या नंतरचा क्रमांक होतो. रांगेतली माणसे एकत्र असतात, संघटित नसतात. बाजारपेठ हीदेखील अशीच एक अदृश्य रांग आहे. भाव कोणीच ठरवत नाही, आणि तरी प्रत्येकजण तो ‘इतरांनी ठरवलेला’ म्हणून निमूटपणे स्वीकारतो.

ही रांग मोडते कधी? सार्त्र १७८९ च्या जुलैकडे बोट दाखवतात. फौजांनी पॅरिसला घेरल्याची वार्ता पसरली तेव्हा सेंट आंत्वान वस्तीतील माणसांना प्रथमच जाणवले की शेजाऱ्यावरचे संकट तेच आपले संकट आहे. क्रमांक नाहीसे झाले आणि प्रत्येकजण दुसऱ्यात स्वतःला पाहू लागला. १४ जुलै रोजी बास्तीय पडले ते या माणसांच्या हातून. एकट्याने जे अशक्य होते ते समूहात शक्य झाले, आणि त्यासाठी कोणाला आपले ‘मी’पण गहाण टाकावे लागले नाही, उलट ते तेथे प्रथमच पूर्णपणे प्रकट झाले. संघटना व्यक्तीला चिरडतेच, असे सांगत फिरणाऱ्या तरुणांनी ही पाने अवश्य वाचावीत. स्वातंत्र्य एकांतात जपून ठेवण्याची वस्तू असती, तर रांगेतला माणूस सर्वांत स्वतंत्र ठरला असता.

मात्र जुन्या कार्यकर्त्यांनी त्यापुढची पाने वाचली पाहिजेत. संकट ओसरते, पण समूहाला टिकून राहायचे असते. म्हणून शपथ येते. शपथेपाठोपाठ फुटणाऱ्याला शासन येते. मग कामाची वाटणी, पदे, नियम आणि अखेरीस संस्था. संस्थेत पूर्वीचे नाव, निशाण आणि घोषणा कायम असतात. आतली माणसे तेवढी पुन्हा रांगेत उभी राहिलेली असतात. शेजाऱ्याने हात वर केला म्हणून आपणही करावा, वरून परिपत्रक आले म्हणून ते वाचून दाखवावे, आणि मनात आलेली शंका घरी नेऊन बायकोला सांगावी! ज्या शाखेच्या बैठकीत हे घडते, ती शाखा बसथांब्यापेक्षा फारशी वेगळी नसते.

हे केवळ पॅरिसचे वर्णन आहे असे ज्याला वाटेल त्याने मुंबईचे गिरणगाव आठवावे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच संघटनेला ‘प्रातिनिधिक’ म्हणून मान्यता दिली. कामगारांनी मनाने त्या संघटनेला केव्हाच सोडले, तरी कागदावर त्यांचे प्रतिनिधित्व तिच्याकडेच राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले तेव्हा त्यांचा एक लढा मालकांशी होता, तर दुसरा आपल्याच नावाने सही करणाऱ्या त्या संस्थेशी. संपाच्या डावपेचांविषयी मतभेद असू शकतील. पण ‘माझ्या वतीने बोलण्याचा अधिकार मी दिला होता, तो मी परत घेतो’ असे म्हणण्याची सोय ज्या व्यवस्थेत नाही, तिच्यात कामगारांचे नाव असले तरी कामगार नसतो, एवढे त्या संपाने कायमचे सिद्ध केले.

आता श्रद्धेच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे, कारण समाजवादी माणूस या प्रश्नाला नेहमी बगल देतो. श्रद्धा ही धर्ममार्तंडांची मिरासदारी आणि पुरोगाम्यांपाशी केवळ विज्ञान, अशी त्याची समजूत असते. अस्तित्ववादाचा आद्य पुरुष मानला जाणारा डॅनिश विचारवंत सोरेन किर्केगार्द या समजुतीला दोन्ही बाजूंनी धक्का देतो. १८४१ च्या हिवाळ्यात बर्लिन विद्यापीठात शेलिंग यांच्या व्याख्यानांना तो हजर असे. त्याच श्रोतृवर्गात तरुण एंगल्स आणि बाकुनिनही होते. हेगेलच्या विश्वव्यापी व्यवस्थेतून दोन वाटा फुटल्या. एंगल्स ज्या वाटेने गेला तिने विचारले, या व्यवस्थेत मजूर कोठे आहे? किर्केगार्दने विचारले, या व्यवस्थेत ‘मी’ कोठे आहे? हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाने एकाच वेळी विचारावेत, ही समाजवादाची खरी गरज होती; आणि नेमके तेवढेच राहून गेले.

किर्केगार्दची अखेरची लढाई नास्तिकांशी नव्हती. डेन्मार्कच्या राजमान्य चर्चशी होती. तेथे पाद्री सरकारी पगारावर असत आणि मूल जन्मले की नोंदवहीत ख्रिस्ती म्हणून दाखल होई. जन्माच्या दाखल्याने माणूस श्रद्धावान कसा होईल, असा त्याचा सवाल होता. श्रद्धा म्हणजे हमी नसताना स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेली उडी. जेथे सारे आपोआप होते तेथे श्रद्धा नसून सवय असते. १८५५ मध्ये ‘क्षण’ या नावाच्या पत्राचे नऊ अंक त्याने स्वतः लिहून काढले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, वयाच्या ४२ व्या वर्षी, तो मरण पावला. सरकारी पाद्र्याच्या हातचा अखेरचा प्रसाद त्याने नाकारला होता.

या प्रश्नाचे सर्वांत भव्य उत्तर युरोपात नव्हे तर महाराष्ट्राच्या भूमीवर दिले गेले, हे मराठी वाचकाला सहसा कोणी सांगत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मणे त्यांच्या हाती नव्हते, परंतु हिंदू म्हणून मरणे ते टाळू शकतात. त्यानंतर एकवीस वर्षे ते धर्मांचा अभ्यास करीत राहिले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आंबेडकरांनी हा विचार किर्केगार्दकडून घेतला असे येथे सुचवायचे नाही. प्रश्न मात्र तोच होता : जन्माची नोंदवही माणसाचे सत्त्व ठरवणार की माणूस स्वतः? जातिव्यवस्था ही तर ‘आधी आराखडा, मग माणूस’ या तत्त्वाची जगातील सर्वांत निर्दय अंमलबजावणी होय. डॅनिश विचारवंताची उडी एकट्याची होती. नागपूरची उडी लाखोंची होती, आणि तरी तेथे बावीस प्रतिज्ञा उच्चारताना प्रत्येकाला ‘मी’ म्हणूनच बोलावे लागले. व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि समूहाची मुक्ती यांत वैर असलेच पाहिजे, असे मानणाऱ्या दोन्ही पक्षांना दीक्षाभूमीने दिलेले हे उत्तर आहे.

श्रद्धेची उडी समाजवाद्यालाही चुकत नाही. शोषणविरहित समाज येणारच, अशी हमी कोणत्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात नाही. नफ्याच्या दराविषयी, संकटांच्या चक्राविषयी आणि भांडवलाच्या केंद्रीकरणाविषयी शास्त्र पुष्कळ सांगू शकते. पण त्या संकटातून समाजवाद जन्मेल की फॅसिझम, हे ते सांगू शकत नाही. १९२९ च्या मंदीने अमेरिकेला रूझवेल्ट दिला आणि जर्मनीला हिटलर. तेव्हा समाजवादी असणे ही निवड आहे आणि तिची जबाबदारी निवडणाऱ्यावर आहे. ज्याला ही जबाबदारी जड वाटते तो आपली बंदूक इतिहासाच्या खांद्यावर ठेवतो. ‘इतिहासाची दिशाच अशी आहे’ असे एकदा म्हटले की नेम चुकला तरी दोष इतिहासाचा, आणि निरपराध मेला तरी हात आपले स्वच्छ!

या आंधळ्या श्रद्धेची किंमत कोणी कोणी मोजली, याचा हिशेब आता उघड झाला आहे. सोव्हिएत लेखक संघाचे प्रमुख अलेक्सांद्र फादेयेव्ह यांनी १९४८ मध्ये पोलंडमधील व्रोत्स्वाफ येथील परिषदेत सार्त्र व त्यांच्यासारख्या लेखकांना तरस-कोल्ह्यांच्या पंक्तीला बसवले होते. स्टालिनच्या काळात अनेक लेखक तुरुंगात आणि छावण्यांत गेले, तेव्हा हेच फादेयेव्ह संघाच्या शिखरावर होते. ख्रुश्चेव्ह यांनी १९५६ च्या फेब्रुवारीत स्टालिनच्या गुन्ह्यांचा पाढा वाचला आणि १३ मे रोजी फादेयेव्ह यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. पक्षाच्या मध्यवर्ती समितीला उद्देशून त्यांनी लिहिलेले पत्र १९९० पर्यंत दडपून ठेवण्यात आले. या माणसाचा उपहास करण्याचे कारण नाही. इतिहासाने माफ केले म्हणून माणूस स्वतःला माफ करू शकतोच असे नाही, हे सत्य त्यांनी जिवाचे मोल देऊन नोंदवले.

सार्त्र यांची स्वतःची वहीही कोरी नाही. आल्बेर काम्यू यांनी १९५१ मध्ये ‘बंडखोर मानवा’वरील आपल्या ग्रंथात बजावले होते की, अन्यायाला नकार देणाऱ्याने कोठेतरी मर्यादा मानली पाहिजे, उद्याच्या न्यायाच्या नावावर आजच्या खुनाला परवाना देणारी क्रांती नव्या गुलामीला जन्म देते. मे १९५२ मध्ये सार्त्र यांच्या मासिकाने या ग्रंथावर कठोर परीक्षण छापले. ऑगस्टच्या अंकात काम्यू यांचे पत्र आणि त्याला सार्त्र यांचे जहाल उत्तर आले, आणि दोघांची मैत्री संपली. सोव्हिएत श्रमछावण्यांची माहिती सार्त्र यांना नव्हती असे नाही. जानेवारी १९५० मध्ये त्यांच्याच मासिकाने त्याविषयी लिहिले होते. तरीही १९५४ मध्ये रशियाचा दौरा करून आल्यावर, तेथे टीकेचे पूर्ण स्वातंत्र्य आहे, अशी ग्वाही त्यांनी वृत्तपत्रातून दिली. ते खरे नव्हते, हे त्यांनी १९७५ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, कबूल केले. आत्मवंचनेचा थोर भाष्यकार स्वतःच आत्मवंचनेत सापडला! हंगेरीत १९५६ च्या नोव्हेंबरात रणगाडे शिरले तेव्हा मात्र त्यांनी जाहीर निषेध केला, हेही न्यायाने नोंदवले पाहिजे.

म्हणून काम्यू यांचा जयजयकार करून हा विषय संपवावा काय? तसे करणाऱ्यांनी अल्जीरिया विसरू नये. काम्यू त्याच भूमीत, गरीब घरात जन्मले होते. जानेवारी १९५६ मध्ये अल्जीअर्सला जाऊन नागरिकांवरचे हल्ले दोन्ही बाजूंनी थांबवावेत, असे आवाहन त्यांनी केले. ते वाया गेल्यावर जाहीर बोलणे त्यांनी जवळजवळ थांबवले. फाशीची शिक्षा झालेल्या कित्येकांसाठी त्यांनी पडद्याआडून शब्द टाकला हे खरे; पण वसाहतवाद संपलाच पाहिजे, हे निःसंदिग्ध वाक्य त्यांच्या तोंडून आले नाही. ते सार्त्र यांनी उच्चारले. अल्जीरियात लढण्यास नकार देणाऱ्या सैनिकांच्या बाजूने १२१ विचारवंतांनी १९६० मध्ये काढलेल्या पत्रकावर त्यांची सही होती, आणि त्यापायी त्यांच्या राहत्या घरावर दोनदा बाँब टाकण्यात आले. मर्यादेची जाण असलेला माणूस काठावर थांबला. प्रवाहात उडी घेतलेल्याला मर्यादेचे भान उरले नाही. समाजवादी कार्यकर्त्याला या दोघांपैकी एकाला निवडून भागणार नाही. त्याला प्रवाहात शिरायचे आहे आणि भानही सोडायचे नाही.

हा वाद परक्या भूमीवरचा म्हणून झटकून टाकता येणार नाही, कारण भारतीय समाजवाद्यांच्या घरात तो त्याच सुमारास पेटला होता. १९५२ च्या पावसाळ्यात, पॅरिसमधील मैत्री तुटत असताना, जयप्रकाश नारायण पुण्यात एकवीस दिवसांचा उपवास करीत होते. त्या आत्मपरीक्षणातून त्यांनी प्रश्न मांडला : केवळ भौतिकवाद मानला, तर माणसाने सज्जनपणे वागावे यासाठी प्रेरणा कोठून आणायची? अनेक सहकाऱ्यांना तो प्रश्न म्हणजे मार्क्सवादाकडून अध्यात्माकडे घसरण वाटली. प्रश्न अचूक होता. उत्तर मात्र वादग्रस्त ठरले, कारण १९५४ मध्ये जीवनदान करून जयप्रकाश पक्षीय राजकारणाबाहेर पडले आणि प्रश्नही जणू आपल्याबरोबर घेऊन गेले. सज्जनतेचा विचार सर्वोदयाकडे आणि सत्तेचा विचार पक्षाकडे, अशी वाटणी झाली. त्या वाटणीने दोघांचेही नुकसान केले.

त्याच १९५४ च्या ऑगस्टमध्ये त्रावणकोर-कोचीनमध्ये पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला आणि माणसे मेली. सरकार होते प्रजा समाजवादी पक्षाचे. पक्षाचे सरचिटणीस डॉ. राममनोहर लोहिया तेव्हा नैनीच्या तुरुंगात होते. तेथून त्यांनी आपल्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यांनी राजीनामा द्यावा, अशी मागणी केली. काँग्रेसच्या गोळीला जो न्याय लावायचा तोच समाजवादी गोळीलाही लावला पाहिजे, एवढे साधे तत्त्व त्यामागे होते. हाती आलेले एकमेव राज्य, विरोधकांचा जल्लोष, सरकार टिकवण्याची निकड असा सारा व्यवहार दुसऱ्या पारड्यात होता आणि तेच पारडे जड ठरले. मधू लिमये यांचे निलंबन झाले आणि १९५५ मध्ये पक्ष फुटला. लोहियांच्या कार्यपद्धतीवर आक्षेप घेता येतील. पण मृत माणसे प्रत्यक्ष समोर असताना इतिहास, पक्ष अथवा परिस्थिती यांच्या खांद्यावर बंदूक ठेवायला त्यांनी नकार दिला. अस्तित्ववादाचे एकही पान न वाचलेल्या कार्यकर्त्याला ही एक घटना नीट समजली, तरी पुरे आहे.

या सर्वांवर एक जुना आक्षेप राहतोच : आधी भाकरी, मग स्वातंत्र्य. दोस्तोयव्हस्कीच्या कादंबरीतील धर्मन्यायाधीश हाच सौदा मानवजातीपुढे ठेवतो, आणि १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात या देशात तोच सौदा वीस कलमांच्या वेष्टनात विकला गेला. त्याला तत्त्वज्ञानाने उत्तर देण्याची गरज नाही. अर्थशास्त्राचा दाखला पुरेसा आहे. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की निवडणुका आणि मोकळी वृत्तपत्रे जेथे नांदतात तेथे मोठा दुष्काळबळी होत नाही. १९४३ मध्ये गुलाम बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. चीनमध्ये १९५९ ते १९६१ या काळात कोट्यवधी माणसे मेली. पिकाचे फुगवलेले आकडे खोटे आहेत, असे म्हणण्याची सोय खालच्या कार्यकर्त्यांना नव्हती. तेथे स्वातंत्र्य गेले म्हणूनच भाकरी गेली. ‘नाही’ म्हणू शकणारा माणूस ही समाजवादाची चैन नाही. धान्याच्या कोठाराइतकीच ती त्याची प्राथमिक गरज आहे. सर्वोच्च न्यायालयातील पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या ह. रा. खन्ना यांनी २८ एप्रिल १९७६ रोजी तो शब्द उच्चारला आणि पुढे सरन्यायाधीशपद गमावले. त्या दिवशी बहुमत इतरांच्या बाजूने होते, न्याय त्यांच्या बाजूने होता.

कार्यकर्त्याने यातून काय घ्यावे? शिस्त सोडावी असे नव्हे. बहुमताने ठरलेला मोर्चा अल्पमतातल्यानेही यशस्वी करावा. त्याविना संघटना चालत नाही. पण पक्ष कार्यकर्त्याकडून वेळ, श्रम, प्रसंगी प्राणही मागू शकतो. जे खोटे आहे ते खरे म्हणण्याची मागणी मात्र करू शकत नाही. ही सीमारेषा प्रत्येक शाखेने रोजच्या कामात पाळून दाखवावी. मतभेदाची नोंद नावानिशी इतिवृत्तात व्हावी. पदाधिकाऱ्यांची निवड गुप्त मतदानाने व्हावी. परपक्षाच्या सरकारवर जी टीका केली जाते तीच आपल्या पक्षाच्या अथवा आघाडीच्या सरकारवरही करण्याचा हक्क सभासदाला असावा, आणि तो बजावल्याबद्दल त्याच्या निष्ठेवर शंका घेतली जाऊ नये. या गोष्टी क्षुल्लक वाटतील. परंतु संघटना चळवळ राहते की रांग होते, हे अशाच गोष्टींवर ठरते.

राहिला तो तरुण. त्याच्या एकाकीपणाची थट्टा करण्याचा अधिकार चळवळीला नाही. तिने त्याला केवळ सतरंज्या उचलण्यासाठी आणि घोषणा देण्यासाठी बोलावले असेल तर तो परत जाणारच. त्याला सांगायचे ते एवढेच की, जगाला आयता अर्थ नाही हे त्याचे निदान मान्य; पण ऊसतोडीच्या कोपीत वाढणाऱ्या मुलीलाही उद्या ‘मी कोण होऊ’ असा प्रश्न विचारता यावा, यासाठी तिच्यापुढचे पर्याय वाढवण्याचे काम बाकी आहे. तो प्रश्न मूठभरांचीच मिरासदारी राहिला तोपर्यंत त्या तरुणाचे स्वातंत्र्यही उसनेच आहे. आणि त्या कामात तो उतरला, तर त्याच्या कृतीची जबाबदारी ना पक्षाने उचलावी, ना इतिहासाने. ती त्याची त्यालाच उचलावी लागेल.